डावी वेणी, उजवी वेणी

ईरा आणि नील,

हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण यात दोघांचंही काम आहे. ईरा, गेल्या रविवारी फोनवर तू तीन गोष्टी सांगितल्यास. तुझे केस मूठमूठ गळतात. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत आणि त्या तुला करायच्या नाहीत. आणि तुला माझं तेल हवं आहे, 'एकदम नॅचरल आणि आयुर्वेदिक'. शेजारच्या काळे काकूंची सून येत्या शनिवारी डब्लिनला परत निघते आहे. दोन बाटल्या नेईन म्हणाली. म्हणजे तेल पाठवायचं की नाही, हे मला शनिवारच्या आत ठरवायचं होतं.

मी त्या दिवशी नुसतं 'बघते' म्हणाले. तुला वाटलं असेल, आजीला आता तेल कढवायचा कंटाळा येतो. कंटाळा येत नाही. कढई मी मागच्याच आठवड्यात घासून ठेवली आहे. पण तुझं बोलणं ऐकताना मला एक जुना हिवाळा आठवला, आणि त्याच्याबद्दल मी तुम्हाला तोवर कधी काही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आईनेही सांगितलेलं नसणार.

सध्या इथे आवळे आले आहेत. कोपऱ्यावरचा गाडीवाला सकाळी कळमन्याच्या बाजारातून माल आणतो आणि दहाच्या सुमारास गाडी कडुनिंबाखाली लावतो. वरच्या थरात मोठे, फिकट, बाहेरगावचे आवळे. खाली एका पोत्यात आपल्याकडचे लहान, हिरवट, थोडे डागाळलेले. मी खालचे घेते. तो दरवर्षी म्हणतो, "आजी, मोठे सोडून हे काहून नेता?" आणि मी दरवर्षी सांगते की यांचा रस तुरट असतो, मोठ्यांत नुसतं पाणी. पिशवी हातात घेऊन घरी येईपर्यंत बोटांना तो कच्चा, आंबट वास लागतो. त्या वासाबरोबर मला तुमची आई दिसते, सतरा वर्षांची, बारावीतली, दोन वेण्यांची. एक वेणी तेलाने चप्प बसलेली, दुसरी कोरडी आणि भुरभुरणारी. ती तशी का होती, तेच सांगायचं आहे.

तेव्हा घरात आम्ही तिघी होतो. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या रामटेककडच्या, धानाच्या शेतीवर वाढलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. आणि मंजिरी, तुमची आई. आजोबा अर्थात होते, पण केसांच्या विषयात त्यांना मत नव्हतं. त्यांचं टक्कल चाळिशीतच पूर्ण झालं होतं. "मी या प्रकरणातून कधीच निवृत्त झालो," असं ते म्हणत आणि पेपर उघडत.

सासूबाई दर हिवाळ्यात तेल करत. धानाच्या बांध्यांच्या कडेला ओल असते तिथे माका उगवतो, पांढऱ्या बारीक फुलांचा. माझे दीर शेतावरून तो ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. माका, ब्राह्मी आणि जास्वंदीची पानं पाट्यावर वाटायची, आवळ्याचा रस काढायचा, आणि हे सगळं तिळाच्या तेलात लोखंडी कढईत मंद आचेवर तासन् तास ठेवायचं. घरभर आधी हिरव्या पाल्याचा वास, मग उकडल्यासारखा, आणि शेवटी भाजल्या तिळासारखा खमंग. तेल झालं की नाही हे पाहायला त्या कापसाची वात तेलात बुडवून पेटवत. वात तडतडली तर तेलात पाणी आहे. शांत जळली तर उतरवायचं.

मला हे पटायला वेळ लागला. एका वर्षी मी कॉलेजातून थर्मामीटर आणला आणि कढईत धरून उभी राहिले. सासूबाईंनी पाहिलं.

"हे काय करून राहिली? ताप आला का तेलाले?"

मी त्यांना समजावून सांगितलं की पाणी असेपर्यंत पारा शंभराच्या आसपास अडून बसतो आणि पाणी संपलं की वर चढतो. पारा चढायला लागला त्याच सुमाराला त्यांची वात तडतडायची थांबली. त्यांनी वात विझवली, कढई उतरवली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुह्या कांडीलेही माह्या वातीएवढं समजते."

हे सांगते ते अशासाठी की आमचं वैर नव्हतं. आम्ही एकमेकींना तपासत असू, आणि त्यात आम्हाला मजाही येत असे. पुढे जे झालं ते त्या मजेतूनच झालं.

त्या वर्षी आवळी भोजनाला आम्ही सगळे शेतावर गेलो होतो. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची पद्धत आहे, तुम्ही लहान असताना एकदा आला होतात. सतरंजीवर बारीक पानांची नक्षी पडलेली, डब्यांतून वांग्याच्या भाजीचा वास, दूर धान कापणाऱ्या बायकांचं बोलणं. मंजिरी पाण्याचे पेले मांडायला वाकली तशी तिची वेणी पुढे आली. माझ्या जाऊबाईंनी ती हातात धरली.

"काहून वं मंजिरी, वेणी उंदराच्या शेपटीवानी झाली?"

सगळे हसले. मंजिरीही हसली. मग तिने वेणी पाठीमागे टाकली आणि शाल वरून ओढून घेतली. जेवण झाल्यावर ती झाडाखालीच झोपली, भर दुपारच्या उन्हात, स्वेटर आणि शाल दोन्ही अंगावर घेऊन. आम्ही बाकीच्या बायका उन्हाने घामेजलो होतो. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बारावीचं वर्ष आहे आणि ही खुशाल झोपते. पाहिलं एवढं मला चांगलं आठवतं.

घरी परतताना गाडीतच वाद सुरू झाला. सासूबाईंचं म्हणणं, माझ्या शाम्पूने पोरीचे केस खाल्ले. माझं म्हणणं, तेलकट डोक्यावर रस्त्याची धूळ बसते, त्वचा मोकळी राहत नाही, आणि बाजारात आता चांगलं लोशन मिळतं. त्या म्हणाल्या, "तुह्या लोशननं कोणाचे केस आले, दाखव मले." मी म्हटलं, "तुमच्या तेलानं आले ते कशावरून तेलानं आले?"

मग घरी पोचल्यावर मी एक तोडगा काढला. तो माझाच होता, हे लिहून ठेवते. मंजिरी कॉलेजला दोन वेण्या घालत असे. मी म्हटलं, डावी वेणी तुमची, उजवी माझी. डाव्या बाजूला तुमचं तेल आणि शिकेकाई. उजव्या बाजूला माझं लोशन आणि शाम्पू. संक्रांतीला पाहू.

"पैज लावते का?" सासूबाईंनी विचारलं.

"पैज नाही, प्रयोग."

"एकच झालं."

मंजिरी दारात उभी होती. "मला कोणी विचारलं का?" ती हळूच म्हणाली. आजोबांनी पेपरामागून "हिला विचारा रे कोणी" असं म्हटलं आणि पान उलटलं. आम्ही विचारलं नाही.

आजही मला हे लिहिताना अवघड वाटतं. पण तेव्हा मला ती पद्धत फार निर्दोष वाटली होती. एकच डोकं, एकच आहार, एकच पाणी, बदल फक्त एका गोष्टीचा. माझ्या विद्यार्थिनींना मी हेच शिकवत होते. दर रविवारी मी दोन वेगळ्या कंगव्यांतले केस काढून दोन पाकिटांत घालायची, वर 'डावी' आणि 'उजवी' लिहायची, आणि सोमवारी कॉलेजच्या तराजूवर त्यांचं वजन करायची. तो काचेच्या पेटीतला तराजू होता, फुंकर मारली तरी काटा हलायचा. प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी एकदा विचारलं, "मॅडम, हे काय मोजून राहिल्या?" मी म्हटलं, घरचा प्रयोग आहे. दोन्ही पाकिटं दर आठवड्याला जवळपास सारखीच भरत होती, आणि दोन्ही जड होत चालली होती. मला त्यातला फरक हवा होता. फरक मिळत नाही म्हणून मी चिडत होते.

मंजिरीला कॉलेजात मुली चिडवत. "एक बाजू तळली आणि एक कच्चीच राहिली का गं?" ही त्यातली एक, तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलेली. तेव्हा ती मफलर बांधू लागली, डोक्यावरून आणि गळ्याभोवती. हिवाळा होता, आम्हाला ते ठीक वाटलं.

डिसेंबरात वाळवलेला माका कमी पडला म्हणून सासूबाई आणि मी इतवारीत गेलो. एका बोळात काष्ठौषधींचं दुकान होतं, छतापर्यंत पत्र्याचे डबे आणि पुढे मांडलेली पोती. नागरमोथा, ज्येष्ठमध, वाळा, रिठे, कशाकशाचा मिळून एक कोरडा, मातकट वास. दुकानदार म्हातारे होते, मांडीवर पितळी तराजू घेऊन बसायचे. त्यांनी पुडी बांधता बांधता विचारलं, "कोणाचे केस जातात?"

"नातीचे," सासूबाई म्हणाल्या.

"वय?"

"सतरा."

"नुसते केसच, का अजून काही? जेवते-झोपते कशी?"

"झोपते लई," सासूबाई म्हणाल्या.

"अभ्यास टाळायला," मी म्हटलं.

त्यांनी दोरा तोडला. "बाई, मी तर विकणारा माणूस. माका देतो. पण सतरा वर्षांच्या पोरीचे केस असे जात नाहीत. पहिले कोणाले तरी दाखवा. वैद्याले दाखवा, डॉक्टरले दाखवा, पण दाखवा."

आम्ही दोघी मान हलवून पुडी घेऊन निघालो. हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढताना सासूबाई म्हणाल्या, "पाह्यलं? माका देतो म्हणाला." मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा पण म्हणाले." आम्ही दोघींनी त्या माणसाच्या बोलण्यातलं आपापलं तेवढं उचललं होतं. रिक्षात बसेपर्यंत तो विषय पुन्हा तेल आणि शाम्पूवर आला होता.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात माझी प्रात्यक्षिक परीक्षेची ड्यूटी लागली आणि रविवारीही मला जावं लागलं. त्या दिवशी घरी जे झालं ते मला मंजिरीने सांगितलं. सासूबाई अंगणात उन्हात पाट टाकून बसल्या. "आज सूनबाई घरी नाही, आज दोन्ही बाजू माह्या," म्हणाल्या. त्यांनी तिचा मफलर सोडवला, दोन्ही वेण्या मोकळ्या केल्या आणि तिचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवून घेतलं.

त्यांचा एक नियम होता. तेलाचा हात चालू असताना प्रश्न विचारायचा नाही. आपण गप्प राहायचं. समोरचा माणूस बोलला तर बोलला, नाही बोलला तर नाही. त्या दिवशी मंजिरी बोलली. पुस्तक उघडलं की अक्षरं पुढे सरकत नाहीत. सकाळी उठवत नाही. सगळ्यांना ऊन लागतं तेव्हा तिला थंडी वाजते. आवाज घोगरा झाला आहे, म्हणून तिने गाणं सोडून दिलं. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबत नाही. आपण बहुतेक नापास होणार आणि आई म्हणते तसे आळशी झालो आहोत. सासूबाई ऐकत होत्या. हात कपाळावरून मागे, टाळूवरून मानेवर, कानांच्या मागून, तसाच पुढे हनुवटीखाली गळ्यावर आला. आणि तिथे थांबला.

मी साडेचारला घरी आले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. हात अजून तेलाचेच होते. मंजिरी शेजारी, केस सुटलेले.

"बस," त्या मला म्हणाल्या. "इथं हात लाव."

मी मंजिरीच्या गळ्याला हात लावला. तिच्या जन्मापासून कितीतरी वेळा मी तिथे हात लावला असेल, पण त्या दिवसाआधीच्या वर्षभरात लावला नव्हता.

"गिळ पोरी," त्या म्हणाल्या.

मंजिरीने आवंढा गिळला. माझ्या बोटांखाली एक मऊसर गोळा वर सरकला आणि खाली आला.

"हे केसाचं दुखणं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेलानं जाणार नाही. डॉक्टरले दाखव."

मी म्हटलं, उद्याही ड्यूटी आहे, परवा नेते.

"आज," त्या म्हणाल्या.

आम्ही तशाच तेलकट केसांच्या मंजिरीला घेऊन धंतोलीतल्या एका डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी गळा पाहिला, नाडी पाहिली, पापण्या पाहिल्या. मग मला विचारलं, "थंडी कधीपासून वाजते हिला? झोप कधीपासून वाढली? पाळीचं कधीपासून?" माझ्या पर्समध्ये एक वही होती. तीत नऊ रविवारच्या केसांची वजनं होती, डाव्या आणि उजव्या बाजूची, वेगवेगळ्या रकान्यांत. डॉक्टरीण बाईंच्या एकाही प्रश्नाचं उत्तर तीत नव्हतं. उत्तरं मंजिरीनेच दिली.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइडचं काम मंदावलं होतं, रक्तही कमी झालं होतं. गोळ्या सुरू झाल्या. रक्ताच्या गोळ्या पुढे बंद झाल्या. दुसरी गोळी, ईरा, तू लहानपणापासून पाहिली आहेस, आई सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर घेते ती.

संक्रांतीला मी दोन्ही पाकिटं टाकून दिली. मार्चमध्ये मंजिरीने परीक्षा दिली. गुण बेताचे पडले, तिला हवी ती शाखा मिळाली नाही. पावसाळ्यात कपाळाजवळ बारीक, उभे राहणारे नवे केस दिसायला लागले. पुढच्या कार्तिकात जाऊबाईंनी वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी तोलली आणि मान डोलावली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सांग सगळ्यांले. कोणाच्या तेलानं आले?"

"गोळीनं आले," मी म्हटलं.

"केस गोळीचे असू दे. चमक माह्या तेलाची."

यावर मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं.

ईरा, तुझ्या जन्माच्या आधी मंजिरी इथे बाळंतपणाला आली होती. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. नियमाप्रमाणे मी गप्प होते. ती एकदम म्हणाली, "आई, तेव्हा केसांचं मला एवढं काही वाटत नव्हतं गं. तुम्ही दोघी माझ्या मागे उभ्या राहून भांडायचात. समोर कोणी यायचंच नाही." मी तेल लावत राहिले.

आता तुझा प्रश्न, ईरा. बुधवारी मी तुला फोन करून हे सगळं थोडक्यात सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "पण आजी, तू केमिस्ट्रीची. तेल काम करतं की नाही, एवढंच सांग ना. आणि नॅचरल आहे तर नुकसान तरी काय?"

तेल काम करतं, पण त्याचं काम ठरलेलं आहे. कोरडी त्वचा मऊ होते. कंगवा अडकत नाही, त्यामुळे केस तुटत नाहीत. चमक येते. चोळल्याने डोकं हलकं वाटतं आणि झोप चांगली लागते. गेली पन्नास वर्षं मी ते स्वतःला लावते आहे आणि पुढेही लावणार आहे. पण शरीरात काही बिघडल्यामुळे केस जात असतील तर माका, ब्राह्मी, आवळा, यांतलं काहीही वरून लावून तो बिघाड जात नाही. आयुर्वेदाचा चांगला वैद्यही आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, पोट आणि झोप विचारतो, तेलाचं नाव नंतर काढतो. इतवारीतल्या त्या दुकानदारालाही ते कळत होतं. त्यामुळे आयुर्वेद की डॉक्टर, असा प्रश्नच तू मांडू नकोस. आम्ही तो मांडला होता, एका मुलीच्या डोक्याचे दोन भाग करून.

आणि नुकसानाचं म्हणशील तर तेलाने आमचं काही नुकसान केलं नाही, लोशननेही नाही. दर रविवारी काहीतरी लावत होतो, म्हणून आपण मुलीची काळजी घेतो आहोत असं आम्हा दोघींना वाटत राहिलं, आणि त्यात दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. तुझी आई ज्या दुखण्यातून गेली ते आईकडून मुलीकडे येऊ शकतं. तुला तेच असेल असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि डोळ्यांनी पाहून कोणालाच कळणार नाही. म्हणून रक्त द्यायचं.

तू पाठवलेले त्या तीन 'आयुर्वेदिक' तेलांचे फोटो मी भिंगातून पाहिले. एकात पहिलाच घटक खनिज तेल आहे, माका शेवटून दुसरा. ते घेऊ नकोस. आणि केसांसाठी म्हणून पोटात घ्यायचं कुठलंही चूर्ण किंवा गोळी इंटरनेटवरून मागवू नकोस. त्यात काय मिसळलेलं असतं याची खात्री देता येत नाही. माझं तेलही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांब. खाज आली, लाल झालं, तर बाटली नीलला दे, त्याने सायकलच्या साखळीला वापरावं. मला वाईट वाटणार नाही.

काल संध्याकाळी तू तपासणीची वेळ घेतल्याचा मेसेज पाठवलास, मंगळवार सकाळची. तो वाचल्यावर मी कढई चुलीवर चढवली. म्हणजे गॅसवर, चूल आता कुठली. आज दुपारी तेल गाळून दोन बाटल्या भरल्या, झाकणांना मेण लावलं, प्लास्टिकमध्ये आणि मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळल्या. काळे काकूंच्या सुनेने बॅगेत जागा ठेवली आहे. रिपोर्ट काहीही आला तरी मला पाठव. डॉक्टरांनी गोळी दिली तर गोळी घ्यायची. तेल रविवारी.

आता नीलचं काम. नील, ईराने स्वतःच्या हाताने तेल लावलं तर तो अर्धाच उपयोग. तिच्यापासून तू ट्रामने वीस मिनिटांवर राहतोस. रविवारी तू जायचंस. ती खाली बसेल, तू मागे खुर्चीवर. तेल बशीत घेऊन कोमट करायचं, गरम नाही. बोटांची टोकं वापरायची, नखं नाहीत. कपाळापासून मागे, मग टाळूवर गोल, मग मानेच्या खळगीत अंगठे दाबायचे, मग कानांच्या मागून पुढे हनुवटीखाली, आणि गळ्यावरून दोन बोटं हलकी, अगदी हलकी, खाली न्यायची. तिथे काही वेगळं लागलं तर सांगायचं. फोन दूर ठेवायचा. काही विचारायचं नाही. ती बोलेल किंवा बोलणार नाही. पहिल्या दोन-तीन रविवारी तुम्ही दोघंही हसाल, ते चालेल. नंतर तुलाही ती लावून देईल. तुझ्या आजोबांचं डोकं तू पाहिलं आहेस, तेव्हा फार आशा ठेवू नकोस.

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. शेतातली ती ओली जागा बुजली, माका आता मी कुंडीत लावते. जाऊबाई गेल्या, त्यांच्या सुना तेल विकत आणतात. तेलाचं प्रमाण माझ्या वहीत आहे, ते कोणालाही वाचता येईल. सासूबाईंचा तेल लावायचा हात मात्र वहीत लिहिता आला नाही. तो आज मला येतो आणि तुमच्या आईला येतो. दोघींनाच.